नारायण पेठेतला चार्शाम्बा

सकाळी साडेपाच

नळाला पाणी येतं त्या वेळी उठायचं, ही वाड्यातली सवय. वाडा पडून इमारत उभी राहिली, टाकीचं पाणी दिवसभर येऊ लागलं, तरी डोळे साडेपाचलाच उघडतात. मोदी गणपतीजवळच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. चहाचं आधण ठेवते आणि ते उकळेपर्यंत बाहेरच्या खोलीतल्या फळ्यावर वार लिहून टाकते. वर मराठीत ‘बुधवार’, खाली तुर्कीत ‘चार्शाम्बा’.

हा वार माझा लाडका आहे. फारसीत शनिवार म्हणजे शंबे. तिथून पुढे मोजत गेलं की चौथा येतो तो चहारशंबे. तुर्कांनी तो आपल्या जिभेवर घोळवला आणि त्याचा चार्शाम्बा झाला. नव्या मुलाला मी काहीच समजावत नाही. एवढंच विचारते, ‘‘या शब्दात आपला एक आकडा लपलाय, सापडतो का बघ.’’ ‘चार’ सापडला की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मग सांगते, की रविवारला तुर्कीत ‘पाझार’ म्हणतात आणि पाझार म्हणजे बाजारसुद्धा. इस्तंबूलच्या फातिह भागात चार्शाम्बा नावाची वस्ती आहे, बुधवारच्या बाजारावरून पडलेलं नाव. समुद्राच्या काठाला सालीपाझारी आहे, म्हणजे मंगळवारचा बाजार. ज्या पोराची शाळेची वाट शनिवार पेठेतून बुधवार पेठेत जाते, त्याला यात परकं काय वाटणार? आमची नारायण पेठ तेवढी वाराची नाही, नारायणराव पेशव्यांच्या नावाची.

मी मुलांना तुर्की शिकवते. नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं अंकाऱ्याला राहिले, तिथल्या विद्यापीठाच्या ‘तोमेर’ या केंद्रात शिकले. परदेशी माणसांना तुर्की शिकवण्याचं काम ते 1984 पासून करतंय. परत आल्यावर एका ओळखीच्या घरातून विचारणा झाली, आमच्या मुलाला तिकडे जायच्या आधी थोडं शिकवाल का, म्हणून. तिथून सुरुवात झाली. सध्या नऊ मुलं आहेत. काही आईवडिलांबरोबर तिकडे गेलेली, काही जाणारी. चौघांना कुठेच जायचं नाही, भाषा आवडली म्हणून येतात.

साडेआठ

ऑगस्ट आहे. खडकवासल्यातून रात्री पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला. डेक्कनकडून येणारा सकाळचा विद्यार्थी लकडी पुलाचा वळसा घालून वीस मिनिटं उशिरा आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. सातवीत आहे, शाळा दुपारची. तो तुर्कीकडे वळला फुटबॉलमुळे. 2023 मध्ये रेआल माद्रिदमध्ये गेलेला आर्दा ग्युलेर त्याचा देव. पहिल्या दिवशी त्याने मला एकच प्रश्न विचारला होता, की या नावाचा खरा उच्चार काय.

‘ग्युलेर’ ही आपल्या लिपीची तडजोड आहे. त्या नावात ‘यु’ नाही. जीभ ‘ई’ म्हणताना असते तिथे ठेवायची आणि ओठांचा मात्र ‘ऊ’साठी करतो तसा चंबू करायचा. मी प्रत्येक मुलाच्या हातात छोटा आरसा देते. आरशात ‘ई’ म्हण, म्हणत राहा, आवाज न तोडता ओठ मिटत आण. तसंच ‘ए’चं. आणि तिसरा स्वर याच्या उलट: ‘ऊ’ म्हणायचं, पण ओठ पसरून. तुर्कीत स्वर आठ आहेत आणि सगळी भाषा त्यांच्यावर उभी आहे. अरबी लिपीत हे आठ स्वर वेगवेगळे दाखवता येत नसत. लिपी बदलण्याच्या कारणांपैकी ते एक महत्त्वाचं कारण. 1 नोव्हेंबर 1928 ला कायदा झाला आणि 29 अक्षरांची रोमन वर्णमाला आली. आपल्याकडे मोडी मागे पडली तीही फार जुनी गोष्ट नाही, त्यामुळे आजोबांचं पत्र नातवाला वाचता न येणं म्हणजे काय, ते पेठेतल्या घरांना सांगावं लागत नाही.

या रोमन अक्षरांत इंग्रजी शाळेतली मुलं ठेचकाळतात. ज्याला ती ‘सी’ म्हणतात ते तुर्कीत ‘ज’ आहे, जेवणातला ज. खाली शेपटी दिली की च, चहातला च, चाकातला नव्हे. मूल या अर्थाचा शब्द ‘चोजुक’. तो आमच्या सातवीतल्या फुटबॉलपटूने पहिल्यांदा ‘कोकुक’ वाचला होता. आज ‘चोजुक’ सहज वाचला. ग्युलेर या शब्दाचा अर्थही त्याला आजच सांगितला: ‘हसतो’. आडनावच ‘हसतो’! तो आरशात बघून ते तीनदा म्हणाला. 

मग आकडे. बिर, इकी, उच... आणि वीस म्हणजे यिर्मी. एकवीस? यिर्मी बिर. बावीस? यिर्मी इकी. त्याला शंभरपर्यंत जायला दहा मिनिटं लागली. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 2019 मध्ये ‘वीस एक, वीस दोन’ अशी पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर सांगत होत्या, की लिहिताना आधी दशक आणि बोलताना आधी एकक, याने लहान मूल गोंधळतं. मला स्वतःला त्रेसष्ट नि अठ्ठ्याण्णव सोडवत नाहीत, ते आपल्या भाषेचे दागिने आहेत. पण तुर्की मूल यातला एकही पाठ न करता शंभर मोजतं, हे इथे रोज डोळ्यांसमोर दिसतं, आणि नारळीकरबाईंचं म्हणणं मला दरवेळी नव्याने पटतं.

अकरा

मुलं नसतात तेव्हा कार्डं करायची. पोस्टकार्डाएवढी पुठ्ठ्याची कार्डं, एका बाजूला तुर्की शब्द, दुसऱ्या बाजूला चित्र. इंग्रजी कुठेच नाही.

जवळ माधव जूलियनांचा 1925 चा फार्शी-मराठी कोश असतो, भारत इतिहास संशोधक मंडळाने काढलेला. फारसी-अरबीतून मराठीत आले तेच शब्द त्याच वाटेने तुर्कीतही गेले. कलम, साबण, दुकान, मैदान, रंग, हवा, पडदा, हिशेब, जबाब. थोडा उच्चार हलवला की झालं: कालेम, साबुन, दुक्यान, मेयदान, रेंक, हावा, पेर्दे, हेसाप, जेवाप. पहिल्याच दिवशी मुलाला पन्नास शब्द येत असतात, ते येतात हे फक्त त्याला ठाऊक नसतं.

पण या सारखेपणाला भुलून चालत नाही, म्हणून अकराचा हा तास. ‘देफ्तेर’ म्हणजे दप्तर नव्हे, वही. ‘मिसाफिर’ म्हणजे वाटसरू नव्हे, घरी आलेला पाहुणा. ‘फाकिर’ म्हणजे नुसता गरीब माणूस. शिवाय तुर्कांनीही आपल्यासारखी भाषाशुद्धी केलेली आहे. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्यांच्याकडे 1932 मध्ये तुर्की भाषा मंडळ स्थापन झालं आणि अरबी-फारसी शब्द हटवून नवे घडवले गेले. शाळेला ‘मेक्तेप’ म्हणत, ते जाऊन ‘ओकुल’ आलं. ‘सुआल’ मागे पडला, ‘सोरू’ आला. ‘जेवाप’ मात्र टिकला. मुलाला मी ‘सुआल’ शिकवला तर तिथल्या वर्गात तो पणजोबांसारखा बोलेल. म्हणून प्रत्येक जुळणारा शब्द आजच्या तुर्की शालेय पुस्तकात सापडतो का, ते बघितल्याशिवाय कार्डावर घेत नाही.

एक

वरण-भात, दोडक्याची भाजी. अर्धा तास पडते.

अडीच

तिकडे दुपारचे बारा. तुर्कस्तानने 2016 पासून घड्याळ मागे-पुढे करणं सोडलं, त्यामुळे अडीच तासांचा फरक वर्षभर तोच राहतो. आया याच वेळेला फोन करतात.

आजच्या फोनवर नेहमीचाच आग्रह होता: इंग्रजीतून शिकवा ना, म्हणजे इंग्रजीही पक्कं होईल. मी त्यांना माझीच चूक सांगितली. सुरुवातीला मी इंग्रजी पुस्तकावरून शिकवत होते. नऊ वर्षांचा एक मुलगा यायचा, पहिल्या आठवड्यात बडबड्या, दुसऱ्या महिन्यात गप्प. माझ्या उशिरा लक्षात आलं, की बिचारा प्रत्येक वाक्य दोनदा उलटं करत होता. त्याच्या मनात यायचं ‘मी वाचलेलं पुस्तक’. इंग्रजीसाठी त्याला पुस्तक आधी आणावं लागे, वाचणं नंतर. आणि तुर्कीत पुन्हा ‘ओकुदूउम किताप’, म्हणजे शब्दशः मी वाचलेलं पुस्तक! क्रिया शेवटी, प्रत्यय शब्दाला चिकटलेले, ‘घरात’ला ‘एवदे’, ‘घरातून’ला ‘एवदेन’. ‘अ’ आणि ‘द’ ही इंग्रजी उपपदं आपल्याला नाहीत, ‘द’सारखं त्यांनाही नाही. तू आणि तुम्ही आपल्यात आहे, त्यांच्यात सेन आणि सिझ आहे. ज्या घराचं दार आपल्या अंगणात उघडतं, तिथे मी त्या मुलाला गावाला वळसा घालून नेत होते. तो मुलगा शिकणं सोडून गेला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आई म्हणाल्या, ‘‘बरं, मराठीतूनच शिकवा. पण घरी आम्ही त्याच्याशी इंग्रजीच बोलतो हो.’’ मी म्हटलं, ‘‘मग पहिलं काम तेच. रात्री झोपताना गोष्ट मराठीत सांगा.’’

फोन ठेवला की कधी कधी मे 2025 आठवतो. तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूने उभं राहिलं, मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं बंद केलं, सहली रद्द झाल्या. त्या आठवड्यात माझी दोन मुलं यायची थांबली. एका आजोबांनी जिन्यात थांबवून विचारलं, हे अजून चालू ठेवणार का? लोकांचा राग खोटा नव्हता, मलाही तो होता. पण खोलीत उरलेल्या मुलांसमोर फळ्यावर ‘दोस्त’ हे कार्ड लावलेलं होतं. फेब्रुवारी 2023 मध्ये तिकडे भूकंप झाला तेव्हा आपली पथकं मदतीला गेली, त्या मोहिमेचं नावच ‘ऑपरेशन दोस्त’. हा शब्द दोन्हीकडे जसाच्या तसा आहे म्हणून ते नाव निवडता आलं. आपल्या जवानांनी ढिगाऱ्याखालून सहा वर्षांची एक मुलगी जिवंत काढली. मी आजोबांना एवढंच म्हणाले, की सरकारांचं काय व्हायचं ते होवो, त्या मुलीशी बोलता येईल असं कोणीतरी आपल्या पेठेत असावं, असं मला वाटतं. आजोबा काही बोलले नाहीत. गेलेल्या दोघांपैकी एक मुलगी सहा महिन्यांनी परत आली. कार्ड अजून तिथेच आहे.

साडेचार

पेठेतली मुलं येतात. दप्तरं दाराशी, पावसाळी चपला जिन्यात. सगळ्यांत आधी नाती, कारण नाती मुलांना इतकी आवडतात! मामा म्हणजे ‘दायि’, काका म्हणजे ‘आमजा’, मावशी ‘तेयझे’, आत्या ‘हाला’. चारही वेगळी, आपल्यासारखीच. ताई ‘आब्ला’, दादा ‘आबी’. आणि अनोळखी माणसालाही तिथे आमजा, तेयझे म्हणतात, जसं आपण भाजीवाल्या मावशी म्हणतो. बाबांना शब्दच नवा नाही: ‘बाबा’.

मग खेळ. एकाने उठून काहीतरी करायचं, बाकीच्यांनी सांगायचं. ‘गिदिप गेल’ म्हणजे जाऊन ये. ‘बाकिप गेल’, बघून ये. ‘आलिप गेल’, घेऊन ये. ‘-ऊन’च्या जागी ‘-इप’, बस. एक चिमुरडी स्वयंपाकघरात जाऊन, बघून, वाटी घेऊन आली आणि सगळं एका दमात म्हणाली. या रूपासाठी मी वापरत होते त्या इंग्रजी पुस्तकात दोन पानं खर्ची घातली आहेत. आमच्याकडे चार मिनिटं लागली.

चहा-बिहा म्हणतो ना आपण? तेही आहे. ‘चाय-माय’. किताप-मिताप, एव-मेव. ‘बि’च्या जागी ‘म’. मुलं पुढची पाच मिनिटं खोलीतल्या प्रत्येक वस्तूची अशी जोडी करतात, आणि मी करू देते.

अडतं कुठे, तर स्वरांच्या जोडीत. अनेकवचनाचा प्रत्यय कधी ‘लेर’, कधी ‘लार’: एवलेर, पण ओकुल्लार. तुर्क स्वतः स्वरांना जाड आणि बारीक म्हणतात, मीही तेच शब्द ठेवलेत. जाड स्वरामागे जाड, बारकामागे बारीक. नियम सांगून हे येत नाही. टाळ्या वाजवत शंभर वेळा म्हटलं की कानात बसतं, आणि एकदा बसलं की चुकीचं रूप मुलालाच टोचतं. लिंगाचा मात्र प्रश्नच नाही. तो, ती, ते, सगळ्यांना ‘ओ’. ‘तो टेबल की ते टेबल’ यावर घरी बोलणी खाणाऱ्या मुलांना हे फार सुखाचं वाटतं.

आज एकाने विचारलं, की हे सगळे शब्द फारसी-अरबीच आहेत, मग तुर्कांनी आपल्याला स्वतःचं काय दिलं? चांगला प्रश्न होता. मी चकमक सांगितली. तुर्कीत ‘चाकमाक’ म्हणजे आजचा लायटर. चाकू सांगितला, त्यांचा खिशातला ‘चाकी’. आणि तोफ. तुर्की ‘तोप’ म्हणजे तोफ, आणि चेंडूही. मुलूखमैदान तोफ विजापूरला आहे, पण ती 1549 मध्ये ओतली अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, आणि ओतणाऱ्याचं नाव महंमद बिन हुसेन रूमी. रूमी म्हणजे रूमचा, ऑटोमन मुलखातला. अहिल्यानगरला तोफखाना आहे, इस्तंबूलला तोपहाने आहे. गडावर जाणारी मुलं ही, तोफेचं नाव निघाल्यावर कोणीच जागेवर बसलं नाही.

शेवटी गोष्ट. आपला मुल्ला नसरुद्दीन तिथे होजा, कबर आक्शेहिरला. होजा शेजाऱ्याचं मोठं पातेलं आणतो, परत देताना आत एक छोटं ठेवतो: ‘दोउरमुश’, व्यालं म्हणे. पुढच्या वेळी पातेलं परतच देत नाही: ‘ओल्मुश’, मेलं म्हणे. हा ‘-मुश’ म्हणजे आपलं ‘म्हणे’. ‘गेल्दी’ म्हणजे आला, मी पाहिला. ‘गेल्मिश’ म्हणजे आला म्हणे, मी नाही पाहिला. तुर्की आजी गोष्ट सुरू करते तीही याच रूपात: एक होता म्हणे, एक नव्हता म्हणे. मुलांना मी याचं नाव सांगत नाही, व्याकरण सांगत नाही. ‘म्हणे’ म्हणते, त्यांना कळतं.

साडेसहा

अंकाऱ्यातली भावंडं पडद्यावर येतात. बहीण दहा वर्षांची, भाऊ सात. तिथली शाळा सप्टेंबरात सुरू होईल. बहीण पाचवीत, म्हणजे तिच्यासाठी शाळाही नवी, कारण 2012 पासून तिथे चार-चार-चार वर्षांचे टप्पे आहेत आणि पाचवीपासून माध्यमिक.

गेल्या महिन्यातली गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आई तापाने पडली होती. धाकट्याने खालच्या मजल्यावर जाऊन सांगितलं, आई आजारी झाली. ‘झाली’ला ‘ओल्दू’. त्याच्या तोंडून तो स्वर बारीक निघाला, ओठ गोल पण जीभ पुढे, आणि ‘ओल्दू’चा अर्थ झाला ‘मेली’. शेजारची तेयझे पायांत चपलाही न घालता जिना चढून आली. आईला बघून ती मटकन खाली बसली आणि मुलाला पोटाशी धरलं. चूक त्याची नाही, माझी आहे. त्या स्वराला मी पुरेसे दिवस दिले नव्हते. तेव्हापासून त्याचा तास आरशानेच सुरू होतो. आज दहापैकी दहा वेळा बरोबर.

बहिणीला शाळेची काळजी आहे. तिच्याबरोबर पहिला दिवस खेळून बघते. बाईंना नुसतं ‘शिक्षक’ म्हणायचं नाही, ‘ओऽरेत्मेनिम’ म्हणायचं, माझ्या बाई. सोमवारी शाळा भरताना आणि शुक्रवारी सुटताना राष्ट्रगीत असतं, तेव्हा सरळ उभं राहायचं. कोणी काम करत असेल तर जाता जाता ‘कोलाय गेलसिन’ म्हणायचं, काम सोपं जावो. निघताना मागे राहणारा ‘ग्युले ग्युले’ म्हणतो, हसत हसत जा. ‘‘म्हणजे आपण जातो न म्हणता येतो म्हणतो, तसं?’’ ती विचारते. साधारण तसंच.

सात वाजले आणि नदीकाठी ढोल-ताशांचा सराव सुरू झाला. खिडकी लावली तरी काचा थरथरतात. मी माफी मागून तास थांबवणार, तर पडद्यावरची दोघं एकदम पुढे सरकली. ‘‘थांबा बाई, खिडकी उघडा ना!’’ मी खिडकी उघडली. केसरीवाड्याच्या दिशेने येणारा तो ठेका अंकाऱ्याच्या एका स्वयंपाकघरात चार-पाच मिनिटं वाजत राहिला. ढोलाला तुर्कीत ‘दावुल’ म्हणतात, पण ते मी आज सांगितलं नाही.

मग आजचं काम. खाली कोपऱ्यावर किराणा दुकान आहे, त्याला ‘बाक्काल’ म्हणतात, आपल्या जुन्या वाणी-बकालातला बकाल. आजवर आईबरोबर गेलीत, आज दोघांनी जायचं, दोन ‘एकमेक’ म्हणजे पाव आणायचे. आई खिडकीत उभी राहिली. मी पडद्यावर त्यांची रिकामी खुर्ची बघत बसले. बारा मिनिटं झाली.

दार वाजलं. बहीण धापा टाकत समोर आली, मराठीत काहीतरी बोलणार होती, थांबली, आणि म्हणाली, ‘‘गिदिप गेल्दिक.’’ जाऊन आलो.

भावाने पाव कॅमेऱ्यासमोर धरला. त्याचं एक टोक जिन्यातच खाल्लेलं होतं.

‘‘बाई, बाक्काल आमजा मला आफेरिन म्हणाला. आफेरिन म्हणजे काय?’’

‘‘शाब्बास,’’ मी म्हटलं.